'चिंता' म्हणजे प्रेम, 'आजार' म्हणजे शिकवण

इंडोनेशियन भाषा जगातल्या सोप्या भाषांमध्ये गणली जाते. रोमन लिपी, शेकडो संस्कृत शब्द, क्रियापदाला काळ नाही, नामाला लिंग नाही. तरीही ती शिकायला बसलेली माणसे काही महिन्यांनी अडखळतात आणि कादंबरी वाचायला घेतली की हताश होतात. असे का होते, याचे उत्तर थोडे त्या भाषेत आहे आणि बरेचसे मेंदूत.

प्रामुद्या अनंता तूर हे इंडोनेशियाचे सर्वांत नावाजलेले कादंबरीकार. त्यांच्या गाजलेल्या कादंबरीचे नाव 'बुमी मानुसिया'. मराठी वाचकाला या नावासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. बुमी म्हणजे भूमी, मानुसिया म्हणजे मनुष्य. प्रकाशन संस्थेचे नाव 'हास्ता मित्रा', म्हणजे हस्त आणि मित्र. लेखकाच्या नावातला 'अनंता'ही ओळखीचा. मुखपृष्ठावर असे घरच्यासारखे स्वागत होते. पण पान उलटले, की पहिल्याच परिच्छेदात गाडी रुतते. शब्द ओळखीचे भासतात, अर्थ मात्र हाताला लागत नाही.

दुसरी भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा अनुभव येतो. सुरुवात उत्साहात होते, मध्यावर पाय जड होतात आणि मग 'माझ्या डोक्यात भाषा शिरतच नाही' किंवा 'आता वय झालं' असे निदान माणूस स्वतःच करून मोकळा होतो. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते.

सोपी भाषा, पण नऊशे तास

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना अनेक भाषा शिकवते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला कामापुरती भाषा यायला किती वेळ लागतो, याचा तिचा अंदाज अनेक दशकांच्या अनुभवावर बेतलेला आहे. स्पॅनिश किंवा फ्रेंचला साधारण ६०० ते ७५० तास, इंडोनेशियनला सुमारे ९००, हिंदीला ११००, तर जपानी आणि अरबीला २२०० तास. हे फक्त वर्गातले तास; घरचा अभ्यास वेगळा.

म्हणजे 'सोप्या' इंडोनेशियनसाठीही रोज एक तास दिला तर अडीच वर्षे लागतात. चार महिन्यांत भाषा आली नाही म्हणून निराश होणाऱ्याने हा हिशेब आधी मांडायला हवा. शिवाय हा हिशेब इंग्रजी भाषकाचा आहे. मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळतात, काही ठिकाणी मात्र तो जास्त फसतो.

आयत्या मिळणाऱ्या गोष्टींत एक फार मजेशीर आहे. इंग्रजीत 'वी' हा एकच शब्द. ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. इंडोनेशियनमध्ये मात्र दोन शब्द आहेत: 'किता' म्हणजे ऐकणाऱ्यासकट आणि 'कामी' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून. युरोपीय विद्यार्थी यात वर्षभर चुकत राहतात. मराठी माणसाला ते एका वाक्यात समजते, कारण त्याच्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' आहेत. तसेच 'बुकान' आणि 'तिदाक' हे नकाराचे दोन शब्द. पहिला नामासाठी, दुसरा क्रियापदासाठी. 'हे पुस्तक नव्हे' आणि 'तो येत नाही' यांत जो फरक आहे, जवळपास तोच. ज्येष्ठांना 'पाक' आणि 'बु', म्हणजे वडील आणि आई, या शब्दांनी हाक मारायची रीत तर काका-मावशी म्हणणाऱ्यांना शिकवावीच लागत नाही.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

फसगत होते ती शब्दांत. संस्कृत शब्द दीड हजार वर्षांपूर्वीपासून त्या बेटांवर गेले आणि तिथलेच झाले. तिथल्या जिभेला महाप्राण उच्चार नव्हते. भ, फ, छ यांतला 'ह' सुटा झाला आणि त्याचे वेगळे अक्षर बनले. भाषा झाली बहासा, भय झाले बहाया, फल झाले पहाला, भाग्य झाले बहागिया. हा नियम एकदा कळला, की कितीतरी शब्द उलगडतात.

अर्थ मात्र वाटेत बदलले. 'बहागिया' म्हणजे आनंदी. छायेची 'चहाया' झाली आणि तिचा अर्थ चक्क प्रकाश. 'चिंता' म्हणजे प्रेम. विचारावरून आलेला 'बिचारा' म्हणजे बोलणे. कथेवरून आलेला 'काता' म्हणजे नुसता शब्द, आणि गोष्टीला म्हणायचे 'चेरिता', म्हणजे चरित. 'उपाचारा' म्हणजे समारंभ, 'दोसा' म्हणजे पाप, 'इस्त्री' म्हणजे पत्नी. 'सास्त्रा' म्हणजे शास्त्र नव्हे, साहित्य. संस्कृतशी संबंध नसलेले, निव्वळ योगायोगाने जुळणारे शब्दही आहेत: 'माता' म्हणजे डोळा, आणि शिक्षणाशी जोडलेल्या सगळ्या शब्दांचे मूळ रूप आहे 'आजार'.

अशा वेळी मेंदूत नेमके काय होते? दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या मेंदूत एक भाषा चालू आणि दुसरी बंद, असे बटण नसते. मायकेल स्पायव्ही आणि व्हियोरिका मॅरियन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. रशियन आणि इंग्रजी येणाऱ्या लोकांसमोर काही वस्तू मांडल्या होत्या. रशियन भाषेत 'मार्कू उचला', म्हणजे पोस्टाचे तिकीट उचला, असे सांगितल्यावर त्यांची नजर क्षणभर समोरच्या मार्कर पेनाकडे जात होती. सूचना रशियनमध्ये होती, तरी इंग्रजी जागीच होती. 'चिंता' ऐकल्यावर मराठी माणसाच्या मनात आधी काळजी उमटते आणि मग प्रेम, ते याचमुळे. चुकीचा अर्थ दरवेळी बाजूला सारावा लागतो आणि त्यात मेंदूची ताकद खर्च होते. नवख्याला तासाभराच्या वाचनानंतर थकवा येतो, तो आळस नसतो.

कानाची दारे

दुसरी अडचण कानाची. जन्मलेल्या बाळाचा कान जगातल्या साऱ्या भाषांसाठी उघडा असतो. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये हे दाखवले, आणि त्यांच्या प्रयोगात भारतीय कानांना सहज कळणारी एक जोडी होती: हिंदीतले त आणि ट. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे हा फरक ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांपर्यंत ही क्षमता जवळजवळ गेलेली होती. घरात जो फरक कामाचा नाही, तो ऐकणे मेंदू सोडून देतो. हा तोटा नव्हे; स्वतःची भाषा वेगाने शिकण्यासाठी केलेली ती काटकसर असते.

मोठेपणी या काटकसरीची किंमत मोजावी लागते. इंडोनेशियनमध्ये शब्दाच्या सुरुवातीलाही 'ङ' येतो. पेंगुळलेल्या माणसाला बोलीत 'ङान्तुक' म्हणतात. मराठीत ङ शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही. शब्दाच्या शेवटचा 'क' गिळला जातो. रोमन लिपीतले 'ई' हे अक्षर कधी 'ए' असते, तर कधी हलका 'अ', आणि लिखाणावरून ते कळत नाही. 'आपल' म्हणजे सफरचंद, 'आपेल' म्हणजे हजेरीची रांग. दोन्हींचे स्पेलिंग एकच.

कान पुन्हा उघडता येतो, पण पडद्यासमोर नुसते बसून तो उघडेलच असे नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनी ध्वनींतले फरक कळू लागले. तेच टीव्हीवर किंवा ध्वनिफितीवर ऐकलेल्यांना काहीच लाभ झाला नाही. मोठी माणसे ध्वनिफितीतूनही शिकतात हे खरे. पण समोर माणूस असला की उत्तर द्यावे लागते, चेहरा वाचावा लागतो, लक्ष राहते. भाषा माणसांत शिकली जाते, हे या प्रयोगाचे सार.

वय किती आड येते?

'लहानपणीच शिकायला हवं होतं' ही खंत निम्मी खरी आहे. २०१८ मध्ये जोशुआ हार्ट्सहॉर्न, जोशुआ टेनेनबॉम आणि स्टीव्हन पिंकर यांनी इंटरनेटवरच्या एका चाचणीतून सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरणाचा अभ्यास केला. व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण १७-१८ वर्षांपर्यंत टिकते आणि मग उतरू लागते, असे त्यांना आढळले. पण अगदी मातृभाषकासारखे व्हायचे, तर दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात लागते, कारण त्यापुढे हाती वेळ कमी उरतो.

याची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास कॅथरिन स्नो आणि मारियान हूफ्नागल-हले यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या काही महिन्यांत डच भाषा सर्वांत वेगाने शिकले ते किशोरवयीन, आणि मोठी माणसेही चिमुकल्यांच्या पुढे होती. लहान मुले जिंकतात ती लांब पल्ल्यात. मोठ्या माणसाला नियम समजतो, तुलना करता येते, अभ्यासाची शिस्त असते. चाळिशीतल्या माणसाचे उच्चार परके राहतील, पण वाचन, संभाषण, साहित्याचा आस्वाद यांना वयाची आडकाठी नाही.

मुळाचा शोध

इंडोनेशियन व्याकरणाचा खरा कस लागतो तो काळात किंवा लिंगात नव्हे, तर प्रत्ययांत. 'आजार' या मूळ रूपाचेच बघता येईल. 'बलाजार' म्हणजे शिकणे, 'मङाजार' म्हणजे शिकवणे, 'पलाजार' म्हणजे विद्यार्थी, 'पङाजार' म्हणजे शिक्षक, 'पलाजारान' म्हणजे धडा. शब्दकोशात हे सारे 'आजार'खाली असतात. मूळ सापडले नाही, तर शब्द सापडत नाही.

आणि मूळ लपून बसते. 'तुलिस' म्हणजे लिहिणे. पण 'म' हा उपसर्ग लागला की त गळतो आणि होते 'मनुलिस'. 'सापू' म्हणजे झाडू, झाडणे मात्र 'मन्यापू'. 'ममाकाई', म्हणजे वापरणे, याचे मूळ 'पाकाई', तर 'ममासाक', म्हणजे स्वयंपाक करणे, याचे मूळ 'मासाक'. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखीच, तरी एकासाठी कोशाचे एक पान, दुसऱ्यासाठी दुसरे. नवखा वाचक एका परिच्छेदासाठी दहा वेळा चुकीचे पान उघडतो. एवढ्यात वाक्याची सुरुवात तो विसरलेला असतो.

हा विसर हे बुद्धी कमी असल्याचे लक्षण नव्हे. मेंदूची कार्यकारी स्मृती एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवते. मातृभाषेत शब्द ओळखण्याचे काम आपोआप होत असल्याने ती जागा अर्थासाठी मोकळी राहते. नव्या भाषेत प्रत्येक शब्द त्या छोट्या टेबलावर मांडावा लागतो आणि टेबल भरून जाते. सायकल शिकताना पॅडल, हँडल, ब्रेक सगळ्यांकडे लक्ष द्यावे लागते आणि काही दिवसांनी नुसता रस्ता दिसतो, तसेच हे. फरक इतकाच, की भाषेत हे 'काही दिवस' म्हणजे कित्येक महिने असतात.

कष्टाचे फळही इथेच मिळते. 'हुजान' म्हणजे पाऊस आणि 'कहुजानान' म्हणजे अवचित पावसात सापडलेला. 'मालाम' म्हणजे रात्र आणि 'कमालामान' म्हणजे वाटेतच रात्र झालेला. 'तिदूर' म्हणजे झोपणे आणि 'तर्तिदूर' म्हणजे न ठरवता डोळा लागणे. मराठीत ज्यासाठी आख्खे वाक्य लागते, ते तिथे एका शब्दात मावते. ही गंमत ज्याला कळली, तो सहसा शिकणे सोडत नाही.

वर्गातली भाषा, रस्त्यावरची भाषा

सहा महिने मन लावून शिकलेला विद्यार्थी जकार्ताच्या रस्त्यावर उतरतो आणि त्याला एक वाक्य कळत नाही. वर्गात 'मी' म्हणजे 'साया' शिकवले होते. इथे तरुण मुले 'गुए' म्हणतात, जो चिनी होक्कियन बोलीतून आलेला शब्द. वर्गातला 'तिदाक' रस्त्यावर 'ङ्गाक' होतो. उपसर्ग गळून पडतात. लिखित आणि बोली भाषेतले हे अंतर पाठ्यपुस्तकातल्या मराठीपेक्षा आणि घरातल्या मराठीपेक्षा बरेच मोठे आहे.

यातून जी भीती मनात बसते, तिचाही अभ्यास झाला आहे. एलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये भाषेच्या वर्गातली चिंता मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. ही चिंता इंडोनेशियन नव्हे, मराठी अर्थाची! आपले नाव पुकारले जाईल म्हणून छाती धडधडणे, पाठ केलेले ऐनवेळी विसरणे, बाकीचे हसतील असे वाटणे. भीती कार्यकारी स्मृतीचे तेच छोटे टेबल अडवून बसते. येत असलेलेही मग ओठावर येत नाही. चुका हसून नेणारा वर्ग ही म्हणूनच चैन नव्हे, शिकण्याची अट आहे.

'न लागणारी' कविता

भाषा येणे आणि साहित्य वाचता येणे यांत आणखी एक मजल आहे. इंग्रजी वाचनावर झालेल्या अभ्यासांनुसार, कुणाच्या मदतीविना मजकूर समजायचा तर त्यातले ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. तीनशे शब्दांच्या पानावर सहापेक्षा जास्त अनोळखी शब्द आले, की वाचन संपते आणि उकल सुरू होते. त्यात इंडोनेशियन साहित्य जुन्या लेखनात वाचायचे तर आणखी गुंता. १९७२ मध्ये तिथले शुद्धलेखन बदलले. त्याआधी 'च' हा रोमन टी-जे असा लिहीत, 'ज' हा डी-जे आणि 'य' हा जे. १९२२ मध्ये आलेल्या मारा रुस्ली यांच्या 'सित्ती नुरबाया' या कादंबरीची मूळ प्रत पाहिली, तर ओळखीची भाषाही परकी वाटते.

शब्द कळले तरी ते 'लागतात' का, हा वेगळा प्रश्न. कॅथरिन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांची त्वचा किती प्रतिसाद देते हे मोजले. लहानपणी आईवडील रागावताना जे बोलत, ते तुर्कीत ऐकल्यावर त्वचेवर उमटणारी प्रतिक्रिया तशाच इंग्रजी वाक्यांपेक्षा तीव्र होती. अर्थ दोन्हींचा कळत होता. अंगावर काटा एकाचाच येत होता. मातृभाषेचे शब्द मार, माया, भूक, भीती यांच्यासोबत शिकलेले असतात, दुसऱ्या भाषेचे शब्द वहीतून.

कवी खाइरिल अन्वर यांची 'आकू' ही १९४३ मधली कविता इंडोनेशियात शाळकरी मुलांनाही माहीत आहे. 'आकू' म्हणजे मी. पण 'साया' म्हणजेही मीच. 'साया' हा शब्द 'सहाय' या संस्कृत शब्दावरून आला आहे. त्यात 'आपला सेवक' अशी नम्रता होती. 'आकू'मध्ये ती नाही. तो जवळच्यांत किंवा स्वतःशी बोलतानाचा, उघडा मी. कवितेचे नावच 'आकू' ठेवण्यात जे धारिष्ट्य आहे, ते मराठी 'मी'मध्ये उतरवता येत नाही. सर्वनामांचा हा तोल शेकडो संभाषणांनंतर हळूहळू अंगात मुरतो आणि मग कधीतरी ती कविता 'लागते'. तिला काळ द्यावा लागतो.

एक देशच दुसऱ्या भाषेत

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या लेखकांना वाचण्यासाठी परदेशी विद्यार्थी धडपडतात, त्यांच्यातल्या अनेकांची इंडोनेशियन ही स्वतःचीही दुसरी भाषा होती. प्रामुद्यांचा जन्म १९२५ मध्ये जावा बेटावरच्या ब्लोरा गावचा. त्यांची मातृभाषा जावानीज.

इंडोनेशियात सातशेहून अधिक भाषा आहेत. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तरुणांच्या परिषदेने एक देश, एक राष्ट्र आणि एकतेची एक भाषा अशी शपथ घेतली, तेव्हा मलय भाषेला 'बहासा इंडोनेशिया' हे नाव दिले. सर्वाधिक लोकांची भाषा जावानीज होती, पण ती निवडली नाही. जावानीजमध्ये समोरच्याचा दर्जा पाहून अख्खी शब्दसंपदा बदलावी लागते. बंदरांतून आणि बाजारांतून पसरलेली मलय त्यामानाने सगळ्यांना सारखी होती. 'बुमी मानुसिया'चा नायक मिंके डच शाळेत शिकतो आणि अधिकारी झालेल्या वडिलांपुढे त्याला जमिनीवर सरपटत जाऊन वरच्या दर्जाची जावानीज बोलावी लागते. पुढच्या खंडात, डचमध्ये लिहिणाऱ्या त्याला मित्र मलयमध्ये लिहायला सांगतात. कुठल्या भाषेत बोलायचे, हा त्या कादंबऱ्यांतला पोटापाण्याइतका खरा प्रश्न आहे.

प्रामुद्या १९६९ ते १९७९ बुरू बेटावर बंदिवासात होते. लिहायला मिळेपर्यंत ही गोष्ट त्यांनी सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगितली. १९८० मध्ये पुस्तक आले आणि पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आली. लेखकासाठी शिकून मिळवलेल्या, आणि निरनिराळ्या बेटांवरून आलेल्या माणसांना जोडणाऱ्या भाषेतले हे पुस्तक पुढे जगभरच्या भाषांत गेले.

या यशाला एक वेदनेची कडाही आहे. २०१० च्या जनगणनेत घरात रोज इंडोनेशियन बोलणारे सुमारे पाचवा हिस्सा होते. म्हणजे बाकीच्यांच्या घरात दुसरी भाषा. त्यातल्या कित्येक मुलांना शाळेच्या पहिल्याच दिवशी परक्या भाषेत अक्षरे गिरवावी लागतात. ध्वनी नवे, शब्द नवे आणि त्यातच गणित शिकायचे. मूल गप्प बसते आणि 'मंद' ठरते. मूल ज्या भाषेत विचार करते तिच्यातून अक्षरओळख व्हावी, असे युनेस्कोच्या १९५३ च्या अहवालाने सांगितले होते. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या माडिया मुलाची अवस्था मराठी शाळेत वेगळी नसते. दुसरीकडे, शहरांतले जावानीज आईबाप आता मुलांशी घरातही इंडोनेशियनच बोलू लागले आहेत आणि लहान भाषा एकेक करून मंदावत आहेत. दुसरी भाषा पहिलीच्या जोडीला यावी, तिच्या जागी नव्हे. यात केवळ भावनेचा प्रश्न नाही, मुलाच्या शिकण्याचा आहे.

मेंदूला काय मिळते?

स्वीडनच्या लष्करी दुभाषी प्रशिक्षण संस्थेत तरुणांना अरबी, रशियन किंवा दरी भाषा अतिशय वेगाने शिकवतात. त्यांच्या मेंदूची तपासणी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी केली गेली. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाचा आकार आणि भाषेशी निगडित काही भागांची जाडी वाढलेली दिसली. तितकाच कसून, पण वेगळ्या विषयांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांत तसा बदल नव्हता.

स्मृतिभ्रंशाबाबत हैदराबादचा अभ्यास महत्त्वाचा आहे. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांची माहिती तपासली आणि ती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली होती. कधी शाळेत न गेलेल्या लोकांतही हा फरक होता, त्यामुळे तो केवळ शिक्षणाचा परिणाम म्हणता येत नाही.

पण यावरून भाषेला औषधाची बाटली समजू नये. हैदराबादचे लोक आयुष्यभर बाजारात, कामावर, घरात भाषा बदलत जगलेले होते. निवृत्तीनंतर मोबाइलवर रोज दहा मिनिटे शब्द पाठ केल्याने तोच लाभ होईल, असे सिद्ध झालेले नाही. काही अभ्यासांत असा फरक आढळलेलाही नाही, आणि द्विभाषिकांचे लक्ष अधिक एकाग्र असते या दाव्यावर तज्ज्ञांत वाद आहेत. विसरभोळेपणा वाढत असेल, तर शब्दकोश नव्हे, डॉक्टर गाठावा. भाषा शिकण्याचा खात्रीचा लाभ एकच, तो म्हणजे ती भाषा आणि तिच्यातली माणसे.

अभ्यास कसा करावा?

शब्द वाचत बसण्यापेक्षा आठवून पाहणे कितीतरी उपयोगी. जेफ्री कार्पिके आणि हेन्री रॉडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द शिकवले. शब्द एकदा आल्यावरही ज्यांनी स्वतःची परीक्षा घेणे चालू ठेवले, त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवले; ज्यांनी परीक्षा थांबवली, त्यांना साधारण एक तृतीयांश. वही झाका, शब्द आठवा, मग पाहा.

अभ्यासात अंतर ठेवावे. रविवारी सलग चार तासांपेक्षा रोज अर्धा तास बरा. आज शिकलेला शब्द उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने पुन्हा आठवावा. आणि झोप मोडून अभ्यास करू नये. दिवसा शिकलेले शब्द पक्के होण्याचे काम झोपेत चालते.

सुटा शब्द पाठ करू नये, वाक्य करावे. 'चिंता'चा अर्थ 'प्रेम' असे दहा वेळा लिहिण्यापेक्षा, आई मुलावर प्रेम करते हे वाक्य इंडोनेशियनमध्ये मोठ्याने म्हटले, तर जुना अर्थ लवकर मागे हटतो. आठवड्यातून एकदा तरी जिवंत माणसाशी बोलावे, चुकत चुकत. 'लग्न झालं का?' असे कुणी विचारले आणि व्हायचे असेल, तर 'तिदाक' नव्हे, 'बलूम' म्हणावे, म्हणजे 'अजून नाही'. नुसता नकार तिथे फार तुटक वाटतो. असल्या गोष्टी पुस्तकापेक्षा माणसे लवकर शिकवतात.

साहित्याकडे जाताना पायरी चुकवू नये. थेट 'बुमी मानुसिया' उचलण्यापेक्षा 'कांचिल'च्या गोष्टींपासून सुरुवात करावी. हे इवलेसे हरीण मगरींना मोजण्याच्या बहाण्याने रांगेत उभे करते आणि त्यांच्या पाठींवरून नदी पार करते. पंचतंत्रावर वाढलेल्याला कथेची चाल आधीच माहीत असते, आणि ओळखीच्या कथेत अनोळखी शब्दाचा अर्थ अंदाजाने लागतो. जावातल्या छायाबाहुल्यांच्या खेळातले अर्जुन आणि भीमही असेच मदतीला येतात. मग छोट्या कथा, मग आजच्या कादंबऱ्या, आणि मग प्रामुद्या.

मध्यावर जो कंटाळा येतो, तो प्रत्येकाला येतो. तेव्हा महिन्यापूर्वी अडलेले पान पुन्हा उघडावे. त्यावर पेन्सिलीने अधोरेखित केलेले निम्मे शब्द आता कळत असतात. इतके दिवस काहीच घडत नाही असे वाटत होते, तेव्हा मेंदू काय करत होता, हे त्या पानावर दिसते.